कराची वायुनौका केंद्र

तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराची येथे इंग्लंड–भारत प्रवासी वायुनौकांसाठी (एअरशिप) उभारलेला तळ.

उगम : ब्रिटिश सरकारच्या १९२४ च्या साम्राज्य वायुनौका योजनेनुसार इंग्लंडमधील कार्डिंग्टन, इजिप्तमधील इस्माइलिया आणि कराची ही स्थानके ठरली. कराची ज्यात होते तो सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता [→ मुंबई इलाखा].

वैशिष्ट्ये : केंद्रात नांगरण्याचा मनोरा व सुमारे २६० मी. लांबीची पोलादी छपरी होती. स्थानिक लोकांत ती ‘काला छपरा’ म्हणून ओळखली जाई. या मार्गासाठी बांधलेली आर-१०१ ही वायुनौका १४ ऑक्टोबर १९२९ रोजी प्रथम उडाली. वाढीव बांधणीनंतर तिची लांबी सुमारे २३७ मी. झाली. धातूच्या ताठ सांगाड्यातील पिशव्यांत सुमारे १,५६,००० घ.मी. हायड्रोजन मावे, पाच डिझेल एंजिने तिला गती देत [→ हायड्रोजन].

अपघात : कराचीकडे निघालेली आर-१०१ ही ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समधील बोव्हेजवळ कोसळून पेटली. ५४ पैकी ४८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन होते.

महत्त्व : अपघातानंतर योजना बंद पडली, आर-१०० ही दुसरी नौका १९३१ मध्ये मोडीत काढली गेली. कराचीच्या छपरीत एकही वायुनौका आली नाही. वायुनौका न पोहोचलेल्या याच कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी मुंबईला टपाल विमानाने आणले [→ टाटा, जे. आर. डी.; विमान वाहतूक].