शस्त्रापूर्वीची दृष्टी

अपस्मार म्हणजे आपल्याकडील फेफरे. झटका आला की कांदा हुंगवावा, वहाणेचा वास द्यावा, असे उपचार गावोगाव चालत आले. हा विकार मेंदूचा आहे हे कळल्यावरही एक प्रश्न उरलाच: कवटीआड दडलेला दोष जिवंत माणसात पाहावा कसा?

जर्मनीतील सोमर यांनी १८८० साली मृत अपस्माररुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास केला. स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस नामक भागातील पेशी पुष्कळांत झडलेल्या होत्या. पण हे ज्ञान मरणोत्तर! १८८६ साली लंडनमध्ये हॉर्सली यांनी अपस्मारावर शस्त्रक्रिया केली, ती झटक्याचे स्वरूप आणि डोक्यावरील जुनी जखम यांवरून जागा ताडूनच. पुढे मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणचित्रे घेण्यात येऊ लागली. या चित्रांत पोकळ्यांचा आकार तेवढा उमटे, मेंदूचा गाभा अदृश्यच राही.

मॉन्ट्रिऑलचे पेनफील्ड रुग्णाला जागे ठेवून मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करीत आणि वाचेची व हालचालीची केंद्रे ओळखून ती जपत. त्यांच्याच संस्थेत शिकलेल्या जेकब चँडी यांनी १९५२ साली वेलोर येथे भारतातील पहिली अपस्मार-शस्त्रक्रिया केली. तेथेच शिकलेले राम गिंडे यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला.

१९७१ साली सीटी स्कॅन आणि त्यानंतरच्या दशकात एमआरआय आला. सोमर यांना मृत्यूनंतर दिसलेला व्रण आता शस्त्रक्रियेपूर्वीच दिसू लागला. भाकितास आधार मिळाला तो येथे. प्रतिमेत स्पष्ट दोष दिसला, विद्युत्-आलेखानेही त्याच जागेकडे बोट दाखविले आणि तो भाग पूर्णपणे काढता आला, तर झटके थांबण्याची शक्यता बरीच वाढते.

औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त होती. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. मात्र शस्त्रक्रियेनंतर काहींना अंगातील शक्ती कमी होण्यासारखी गंभीर हानीही सोसावी लागली.

म्हणून प्रतिमा ही ब्रह्मलिखित नव्हे. ती निर्दोष दिसली तरी आशा संपत नाही, आणि दोष दिसला तरी यशाची हमी मिळत नाही. तिचे मोल इतकेच, पण ते थोर आहे: संमतीपत्रावर सही करणाऱ्या मातापित्यांना लाभ आणि धोका दोन्ही आधी तोलता येतात.