खानेसुमारी आणि नागरिकाचा हक्क

ॲम्स्टरडॅम शहरांत प्राणिसंग्रहालयाजवळ एक इमारत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तींत शहरांतील रहिवाशांच्या नोंदींचें दप्तर असे. २७ मार्च १९४३ च्या रात्रीं पोलिसांचा वेष घेतलेली एक टोळी तेथें आली. पहारेकऱ्यांना औषध टोचून तिनें निजविलें, त्यांना बाहेर नेऊन ठेविलें, आणि दप्तरास सुरुंग लाविला. हे लोक दरोडेखोर नव्हते. त्यांत चित्रकार, शिल्पकार व वैद्यकीचे विद्यार्थी होते. १ जुलै रोजीं या कटांतील बारा जणांना जर्मनांनीं गोळ्या घातल्या.

कागदांच्या कपाटांसाठीं माणसांनीं प्राण कां द्यावे? डच अधिकाऱ्यांनीं या नोंदी शांततेच्या काळीं, कोणाचेंही वाईट न चिंतितां, ठेवण्यास आरंभ केला होता. जन्म, विवाह व बिऱ्हाड यांबरोबर त्यांत धर्माचाही रकाना होता. मे १९४० मध्यें जर्मन सेना देशांत शिरली, आणि तोच रकाना ज्यू लोकांना हुडकण्याच्या कामीं आला. लपलेल्यांचीं खोटीं ओळखपत्रें या दप्तराशीं ताडून पकडलीं जात. स्फोटांत दप्तराचा कांहीं भागच नष्ट झाला. हॉलंडांतील सुमारें १,४०,००० ज्यूंपैकीं १,००,००० हून अधिक मारले गेले.

माहिती घेणारा कितीही सज्जन असो. उद्यां तें दप्तर कोणाच्या हातीं पडेल, याची हमी त्याला देतां येत नाहीं. हा धडा कायद्यांत उतरण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. कपाटांची जागा गणकयंत्रांनीं घेतली, तेव्हां १९७० मध्यें जर्मनींतील हेसे प्रांतानें या विषयावरील जगांतील पहिला कायदा केला. पण खरी कसोटी लागली ती १९८३ मध्यें.

त्या वर्षीं २७ एप्रिल रोजीं पश्चिम जर्मनींत खानेसुमारी व्हावयाची होती. उत्तरें न देणाऱ्यास दंड होता. शिवाय, मिळालेल्या उत्तरांवरून नगरपालिकांना आपल्या रहिवाशांच्या नोंदी दुरुस्त करून घेतां येतील, असें एक कलम कायद्यांत होतें. मोजणीसाठीं दिलेली माहिती उद्यां आपल्यावरच उलटेल, हें लोकांच्या ध्यानीं आलें. गांवोगांवीं बहिष्काराची भाषा सुरू झाली, आणि कित्येक नागरिकांनीं कार्ल्सरूह येथील घटना-न्यायालयाकडे धांव घेतली. न्यायालयानें १३ एप्रिलला खानेसुमारी स्थगित केली व १५ डिसेंबरला निकाल दिला.

राष्ट्राला आपलीं माणसें मोजण्याचा अधिकार आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. तें कलम मात्र रद्द केलें. आपली माहिती कोणीं व कशासाठीं वापरावी, हें ठरविण्याचा हक्क मूलतः ज्याची माहिती त्याचाच. त्यावर मर्यादा घालावयाची तर सार्वजनिक हित मोठें हवें, कायदा स्पष्ट हवा व हेतु आधींच सांगितलेला हवा. आपल्याविषयीं कोणाला काय ठाऊक आहे हें ज्याला कळत नाहीं, तो सभेस जाण्यापूर्वींही कचरेल, आणि अशानें लोकशाहीचीच हानि होईल, हें न्यायालयाचें म्हणणें मार्मिक होतें. २५ मे १९८७ रोजीं नव्या कायद्यानुसार ती खानेसुमारी पार पडली.

पुढें आंतरजालावर व्यापारीही माणसांच्या नोंदी ठेवूं लागले. २५ मे २०१८ पासून लागू असलेला युरोपीय संघाचा नियम त्यांनाही बांधतो: हेतु सांगा, आणि त्यास लागेल तेवढीच माहिती घ्या.

भारतांत १९४८ च्या कायद्यानें खानेसुमारींतील उत्तरें गुप्त ठेविलीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यांत सूचना, संमति व ठराविक हेतु यांच्या अटी आल्या. मात्र राष्ट्राची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठीं सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभाही त्याच कायद्यानें केंद्र सरकारला दिली. ही मुभा वापरतांना ॲम्स्टरडॅमचें तें दप्तर आठवावें. आक्रमकाला कोणताच कायदा अडवूं शकत नाहीं; परंतु जो रकाना कधीं भरलाच नाहीं, तो त्याच्या हातीं लागत नाहीं.