मातीचा गुण

औषधाचा गुण ते घेणाऱ्याला येतो. आणून देणाऱ्याला किंवा दुरून पाहणाऱ्याला येत नाही. मातीचाही न्याय असाच आहे, हे मनोरुग्णालयांचा इतिहास चाळताना आम्हांस प्रकर्षाने जाणवले.

स्पेनमधील सारागोसा येथे १४२५ साली एक रुग्णालय स्थापन झाले. तेथील मनोरुग्ण दिवसा शेतावर जात, धान्य कापीत, द्राक्षे व ऑलिव्ह खुडीत आणि रात्री शांत झोपत. फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल यांनी १८०१ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची वाखाणणी केली आणि एक मार्मिक नोंदही केली : बरे होत नसत ते उमराव घराण्यांतले रोगी; कारण अंगमेहनत त्यांना कमीपणाची वाटे.

पुढे अकरा वर्षांनी फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनीही हेच नमूद केले. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणाऱ्यांपैकी ते एक होत. लाकडे फोडणारे, बाग खणणारे रोगी पुष्कळदा बरे होतात; प्रतिष्ठेमुळे ज्यांना अशा कामातून सूट मिळते, ते मात्र भिंतींआड झिजत राहतात, असे त्यांनी लिहिले.

मग खणणे हेच औषध म्हणावे काय? इतके ते सोपे नाही. यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली उघडलेल्या 'रिट्रीट'मध्ये रोग्यांना साखळदंडांऐवजी बाग आणि विश्वास मिळाला. परंतु पुढे मोठमोठ्या रुग्णालयांना शेते जोडली गेली, तेव्हा अनेक ठिकाणी रोगी बिनपगारी मजूर होऊन बसला. अखेर १९७३ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने वेतनाचा कायदा अशा कामालाही लागू आहे, असा निर्णय दिला. माती तीच, कुदळ तीच. पण सक्ती शिरताच औषधाची वेठबिगारी झाली.

याच्या उलट उदाहरण आपल्या वरोऱ्याजवळ सापडते. तेथील खडकाळ जमिनीवर १९५१ साली बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसह आनंदवनाचा आरंभ केला. रोग बरा केला तो औषधांनी. परंतु विहीर खणून आणि भाजी पिकवून त्या माणसांना जे परत मिळाले, ते कोणत्याही दवाखान्यात मिळण्यासारखे नव्हते. आरंभी त्यांच्या हातचा भाजीपाला घेण्यास कचरणारे लोक पुढे तो विकत घेऊ लागले.

आता आपणां बदलीच्या नोकरीतल्या मंडळींविषयी. सरकारी बंगल्यातली बाग आपण व्हरांड्यातून पाहतो. माती लागते ती माळ्याच्या हाताला. आपण लावलेला आंबा पुढचा साहेब खाणार, मग श्रम कशाला, असा हिशेब आपल्यापैकी अनेकजण करतात. बंगल्याचा चार्ज देताना झाड मागे राहते हे खरे. पण खणल्याने लागलेली भूक आणि झोप खणणाऱ्याचीच असते. आणि आंब्याचा धीर नसेल, तर मेथीचा एक वाफा महिन्याभरात हाती येतो. तेवढ्यात सहसा कोणाची बदली होत नाही.