यंत्र बोलते, आपण ऐकतो का?

घाटकोपरच्या आमच्या घरी १९९८ साली संगणक आला. 'आला' म्हणण्यापेक्षा 'जोडला' म्हणणे बरे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क असे एकेक भाग लॅमिंग्टन रोडवरून घेतले, दादरला गाडी बदलून मांडीवर धरून आणले आणि एका रविवारी स्क्रू पिळून जोडले. पहिल्याच पावसाळ्यात एके सकाळी पडदा काळाच राहिला. पंखा फिरत होता आणि आतून थांबून थांबून 'बीऽप' असा लांब आवाज येत होता.

यंत्राने स्वतःचे दुखणे स्वतः सांगावे, ही कल्पना आली कुठून?

भाग जोडून संगणक उभा करण्याची मुंबईची परंपरा जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने १९५०च्या दशकात संगणक बांधायला घेतला. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एक गणित करून पाहू. समजा, एक नळी सरासरी १०,००० तास टिकते. मग २,७०० नळ्यांच्या यंत्रात दर चार तासांच्या आतच एक नळी जाणार! त्यामुळे त्या पिढीत संगणक चालवणे आणि दोष शोधणे ही वेगळी कामे नव्हतीच. अमेरिकेत एमआयटीच्या 'व्हर्लविंड' संगणकावर तर व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त करून दुबळ्या नळ्या बंद पडण्याआधीच हुडकून काढत.

पुढे संगणक प्रयोगशाळेतून टेबलावर आला. शेजारी तंत्रज्ञ उरला नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये म्हणूनच एक छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला होता. वीज मिळताच तो प्रोसेसर, स्मृती, पडद्याचे कार्ड असे क्रमाने तपासतो. पण पडदाच चालत नसेल तर तक्रार लिहायची कुठे? म्हणून सर्वांत साध्या भागाकडे, म्हणजे छोट्या स्पीकरकडे, ते काम दिले. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे पडद्याच्या कार्डात बिघाड. पुढे प्रत्येक उत्पादकाने आपापली सांकेतिक भाषा ठरवली.

आयबीएमने बरेचसे भाग इतरांकडून घेतले होते आणि मंडलांच्या आकृत्याही छापल्या होत्या. त्यामुळे तसेच यंत्र इतरांनाही जुळवता येऊ लागले. आपल्याकडे अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक माल बनत होता, पण तो निर्यातीसाठी. १९८४च्या संगणक धोरणाने आणि १९९१ नंतरच्या उदारीकरणाने आयातीची वाट मोकळी केली. मग मुलुंड-बोरिवलीच्या दोन खोल्यांतही 'असेंबल्ड' संगणक दिसू लागले. ते ब्रँडेडपेक्षा स्वस्त होते, पण एक मेख होती. रॅमवाला मदरबोर्डकडे बोट दाखवी, मदरबोर्डवाला वीजपुरवठ्याकडे. दोष कोणत्या भागात आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी येऊन पडली ग्राहकावर.

आमच्या यंत्राचा लांब बीप स्मृतीकडे बोट दाखवत होता. आम्ही नवी रॅम आणून बसवली आणि संगणक सुरू झाला. निदान पक्के! शिक्षकाच्या पगारातून गेलेले पैसे सत्कारणी लागले, असे वाटले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच काळा पडदा, तोच बीप. वैतागून खणातली 'बिघडलेली' जुनी पट्टी लावली, तर यंत्र चालू! मग नवी पट्टी पुन्हा लावली, तरीही चालू!

दोन्ही पट्ट्या निर्दोष होत्या. दमट हवेत धातूच्या संपर्कबिंदूंवर पातळ थर बसला होता आणि पट्टी काढताना-घालताना तो खरवडला जात होता. म्हणजे पहिल्या वर्षी आम्ही एक नव्हे, दोन गोष्टी बदलल्या होत्या: पट्टी आणि संपर्क. जुनी पट्टी पुन्हा लावून पाहण्याचा उलट प्रयोग केला असता, तर पैसे वाचले असते. 'एका वेळी एकच घटक बदला' हे वर्गात वर्षानुवर्षे शिकवणारे आम्ही घरी मात्र चुकलो. त्यानंतर पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या. पुढचे दोन पावसाळे तक्रार आली नाही.

शाळेच्या अडगळीत एखादा जुना डेस्कटॉप असेल तर भंगारात देण्यापूर्वी तो वर्गात आणा. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग रॅम काढा. झाकण बंद करून संगणक सुरू करा आणि मुलांना ऐकू द्या. मग पुन्हा प्लग काढून रॅम परत बसवा. एक पथ्य मात्र पाळा: वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही तिच्यात घातक विद्युतभार उरलेला असतो. आवाज का बदलला, हे मुलांना आपणहून सांगू नका. त्यांना एकेक शक्यता वगळत जाऊ द्या.