‘पहिली’ या विशेषणापलीकडे : शकुंतला भगत यांची स्थापत्य-कारकीर्द

मराठी स्त्रीचरित्रपर लेखनात ‘पहिली’ हे विशेषण केवळ माहिती देत नाही. ते कथनाचा आकारही ठरवते. या आकाराचा आदिनमुना म्हणजे आनंदीबाई जोशी यांची जीवनकथा. १८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तेथे पदवी हाच कथेचा उत्कर्षबिंदू ठरणे अपरिहार्य होते. मात्र हाच साचा दीर्घ कारकीर्दीला लावला, की पदवीनंतरचे सारे कर्तृत्व तळटीपेत जाते.

शकुंतला भगत (१९३३–२०१२) यांच्याबाबत नेमके हेच घडलेले दिसते. १९५३ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या ‘देशातील पहिल्या स्त्री स्थापत्य अभियंता’ अशीच त्यांची ओळख करून दिली जाते. हा दावा टिकणारा नाही. मद्रासच्या गिंडी येथील महाविद्यालयातून पी. के. त्रेसिया यांनी १९४० च्या दशकातच ही पदवी मिळवली होती. १९७१ मध्ये त्या केरळच्या मुख्य अभियंता झाल्या. भाषिक प्रांतांचे इतिहास परस्परांशी ताडून न पाहिल्यामुळे एकाच देशात असे अनेक ‘पहिले’ मान नांदतात.

विशेषण गळून पडले तरी भगत यांचे काम उणे होत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षणानंतर त्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये अध्यापन केले. पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्यासमवेत त्यांनी १९७० मध्ये ‘क्वाड्रिकॉन’ ही संस्था उभारली. कारखान्यात तयार केलेले पोलादी सुटे भाग जागेवर जुळवून वेगवेगळ्या लांबी-रुंदीचे पूल उभे करावयाचे, ही त्यांची पद्धती. वेल्डिंग, रिव्हेट वा बोल्ट यांना पर्याय ठरणारी ‘युनिशिअर’ जोडणी तिच्या केंद्रस्थानी होती. अपरिचित तंत्राला भांडवल मिळेना, तेव्हा या दांपत्याने स्वतःचा पैसा घातला. १९७२ मध्ये हिमाचलातील स्पिती येथे पहिला पूल झाला; १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत ६९ पूल उभे राहिले. पुढे ही संख्या दोनशेच्या घरात गेली.

भगत या सेतुतज्ज्ञ एस. बी. जोशी यांच्या कन्या. १९३६ मध्ये जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेणाऱ्या पेरीन मिस्त्री यांनीही वडिलांच्याच वास्तुसंस्थेतून व्यवसायात प्रवेश केला. बांधकामाच्या क्षेत्रात या दोघींसाठी दार घरातूनच उघडले, ही गोष्ट त्यांच्या गुणवत्तेला बाधा आणत नाही. परंतु ज्यांच्या घरी असे दार नव्हते त्यांच्या अनुपस्थितीचा अर्थ त्यातून उलगडतो. ‘पहिली’ची कथा एका व्यक्तीच्या धैर्यावर प्रकाश टाकते आणि ही सामाजिक रचना मात्र अंधारात ठेवते. म्हणूनच स्त्रीच्या कारकीर्दीचा इतिहास पदवीदानाच्या दिवशी संपवता येत नाही. खऱ्या अर्थाने तो तेथून सुरू होतो.