घरच्या संगणकावर नको असलेली संकेतस्थळे कशी अडवावीत?

घरात एकच संगणक असतो आणि तो सगळेच वापरतात. मुलांचा अभ्यास, वडिलांची बँकेची कामे, आजोबांच्या बातम्या, सारे त्याच पडद्यावर चालते. अशा संगणकावर जुगाराची, अश्लील मजकुराची किंवा फसवणूक करणारी संकेतस्थळे उघडू नयेत अशी बहुतेक घरांची इच्छा असते. त्यासाठी पैसे मोजून सॉफ्टवेअर विकत घ्यावेच लागते असे नाही. संगणकात आणि राउटरमध्ये असलेल्या सोयी बऱ्याचदा पुरतात. मात्र प्रत्येक सोय काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधी माहीत असायला हवे.

संकेतस्थळ उघडते कसे?

ब्राउझरमध्ये आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण संगणकांना एकमेकांपर्यंत पोहोचायला आकड्यांतला पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. नावावरून हा पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. फोनमधल्या संपर्क यादीत नाव शोधले की नंबर मिळतो, तसेच हे काम आहे. अडवण्याचे बहुतेक उपाय याच टप्प्यावर बसतात. नावाचा पत्ताच मिळाला नाही, तर संकेतस्थळ उघडत नाही.

पहिले काम : वेगळे खाते

अनेक घरांत सगळेजण एकाच खात्यातून संगणक वापरतात आणि त्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सर्व बदल करण्याचे, अधिकार असतात. हे तसेच राहिले तर पुढचे उपाय म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवण्यासारखे होतात. म्हणून मोठ्यांपैकी एकाने ॲडमिनिस्ट्रेटर खाते पासवर्डसह स्वतःकडे ठेवावे. मुलांना ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते काढून द्यावे. या खात्यातून अभ्यास, खेळ, छपाई ही रोजची कामे होतात, पण संगणकाच्या मुख्य सेटिंग्ज बदलता येत नाहीत.

होस्ट्स फाइल

ठरावीक पाच-दहा संकेतस्थळे अडवायची असतील तर हा उपाय सोपा आणि फुकट आहे. डीएनएस व्यवस्था १९८३ मध्ये आली. त्याआधी नावे आणि पत्ते यांची एकच यादी प्रत्येक संगणकावर उतरवून घेत असत. त्या यादीचा वारसा म्हणून होस्ट्स नावाची फाइल आजही विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये असते. संगणक बाहेर विचारण्याआधी या फाइलमध्ये पाहतो.

विंडोजमध्ये पुढीलप्रमाणे करावे :

१. स्टार्ट मेनूमध्ये नोटपॅड शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा.

२. नोटपॅडमधून सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने फोल्डर उघडा. फोल्डर रिकामे दिसले तर फाइलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा.

३. होस्ट्स फाइलची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवा.

४. फाइलच्या शेवटी नव्या ओळीवर ०.०.०.० लिहा, एक जागा सोडा आणि संकेतस्थळाचे नाव लिहा. आकडे आणि नाव इंग्रजी लिपीतच हवेत. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेल्या नावासाठी वेगळी ओळ लिहावी लागते.

५. फाइल सेव्ह करून संगणक पुन्हा सुरू करा.

०.०.०.० या पत्त्यावर कोणतेही संकेतस्थळ नसते, त्यामुळे ब्राउझर तिथेच थांबतो. फाइलच्या नावापुढे ‘टीएक्सटी’ लागले तर उपाय चालत नाही, एवढे तपासावे. मॅकवर हीच फाइल ईटीसी फोल्डरमध्ये असते.

गाळणी लावलेले डीएनएस

जुगाराची किंवा अश्लील संकेतस्थळे रोज नवी निघतात, त्यांची यादी हाताने लिहून संपणारी नसते. अशा वेळी ती यादी सांभाळणारी डीएनएस सेवा वापरावी. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही मोफत सेवा हानिकारक आणि प्रौढांसाठीची संकेतस्थळे अडवते. ओपनडीएनएसची फॅमिलीशील्ड ही सेवाही प्रौढ मजकूर अडवते, तिचे पत्ते २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ असे आहेत.

हे पत्ते संगणकाच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये भरता येतात. राउटरमध्ये भरले तर वायफायवर चालणारे टीव्ही, टॅबलेट आणि फोनही त्याच गाळणीतून जातात. काही राउटरमध्ये हा बदल करू दिला जात नाही, तेव्हा संगणकावरच करावा. इंटरनेट जोडणीत आयपीव्ही६ सुरू असेल तर त्या सेवेचा आयपीव्ही६ पत्ताही भरावा. नाहीतर काही विचारणा जुन्याच वाटेने जातात.

ब्राउझरमधले ‘सिक्युअर डीएनएस’ हे सेटिंगही पाहावे. तिथे दुसरी सेवा निवडलेली असेल तर ब्राउझर राउटरला न विचारता परस्पर पत्ता शोधतो.

या उपायांच्या मर्यादा

होस्ट्स फाइल आणि डीएनएस हे दोन्ही उपाय नावावर चालतात. त्यामुळे एखादे संकेतस्थळ पूर्ण अडते किंवा पूर्ण उघडते. यूट्यूबवरचा एकच व्हिडिओ त्यांनी अडवता येत नाही, त्यासाठी यूट्यूबचा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ सुरू करावा. शोधयंत्रात दिसणारी चित्रे शोधयंत्राच्याच पत्त्यावरून येतात, म्हणून गूगलचा ‘सेफसर्च’ही सुरू ठेवावा.

व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरून गाळणी चुकवता येते. फोन मोबाइल डेटावर गेला की राउटरची गाळणी त्याला लागू होत नाही.

ज्येष्ठांच्या संगणकावर अनेकदा वेगळाच त्रास असतो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे संदेश येत राहतात. पूर्वी कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाउ’ म्हटलेले असते, हे त्याचे फळ असू शकते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी नावे काढून टाकावीत. अशा संदेशातल्या फोन नंबरवर कधीही फोन करू नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शेवटी काय तपासावे?

सर्व बदल झाल्यावर मुलांच्या खात्यातून आणि संगणकावरच्या प्रत्येक ब्राउझरमधून अडवलेले संकेतस्थळ उघडून पाहावे. काय बदलले ते वहीत लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी शाळेचे एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले, तर ती नोंद कामी येते.

मुलांना हे लपवून करू नये. काय अडवले आणि का, हे त्यांना सांगावे. चुकून काही भलतेच उघडले तर रागावणार नाही, असा विश्वासही द्यावा. कोणत्याही गाळणीतून काहीतरी निसटतेच, आणि त्या वेळी मूल घरातल्या मोठ्यांकडे येते की गप्प बसते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.