पन्हाळ्याच्या मुलखातील कोरीवकाम: छिन्नीपासून लेसरपर्यंत

पन्हाळा आणि कोल्हापूर या पट्ट्यात अक्षरे कोरण्याचा धंदा निदान आठशे-नऊशे वर्षांचा आहे. या काळात राज्ये बदलली, लिप्या बदलल्या, गिऱ्हाईक बदलले. कारागिराचा पहिला प्रश्न मात्र तोच राहिला: कोरायचे कशावर? तांबे, काळा दगड, पोलाद, चांदी, कातडे, लाकूड यांतल्या प्रत्येकाला वेगळे हत्यार लागते. आज कोरीवकामाचे नवे दुकान टाकणारा लेसर मशीनचे माहितीपत्रक उघडतो, तेव्हा त्यालाही आधी याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

या मुलखातल्या जुन्या कोरीव लेखांत कोल्हापूरच्या शिलाहारांचे लेख महत्त्वाचे आहेत. या घराण्यातला दुसरा भोज बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावर राहत असे. शके १११३ म्हणजे इ.स. ११९१ च्या त्याच्या ताम्रपटात कोकणातल्या कशेळी गावाच्या दानाची नोंद आहे आणि त्या वेळी राजाचा मुक्काम गडावर होता. त्या काळी ताम्रपट तयार करण्याची रीत ठरलेली असे. तांब्याचा पत्रा ठोकून सारखा करत आणि त्याच्या कडा किंचित उचलून घेत, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासले तरी मजकूर झिजत नसे. भोक पाडून पत्रे कडीत ओवत आणि कडीच्या सांध्यावर राजचिन्ह बसवत. शिलाहारांचे चिन्ह गरुडाचे होते. मजकूर लिहिणारा एक आणि कोरणारा दुसरा, अशी कामाची वाटणी असे. लिहिणारा पत्र्यावर अक्षरे आखून देई आणि कोरणारा त्या रेघांवरून छिन्नी चालवी. त्याला संस्कृत येत असेच असे नाही. त्यामुळे अनेक ताम्रपटांत सुटलेले अनुस्वार, चुकलेले काने आणि एकमेकांच्या जागी बसलेली सारखी दिसणारी अक्षरे सापडतात. चूक वेळीच ध्यानात आली तर तेवढी जागा ठोकून सपाट करत आणि त्यावरच पुन्हा कोरत. जुन्या अक्षराच्या खुणा मग नव्या अक्षराखालून डोकावत राहत.

दगडाचे गणित निराळे होते. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे. तो खाणीतून काढायला सोपा आणि बांधकामाला चांगला, पण सच्छिद्र असल्यामुळे बारीक अक्षर धरत नाही. लेखासाठी काळा दगडच लागे. कोल्हापुरात महालक्ष्मी मंदिरात आणि शुक्रवार दरवाज्याजवळच्या जैन मंदिरात शिलाहारांचे शिलालेख आहेत. त्यांतली अक्षरे खोदीव आहेत, म्हणजे दगडात आत गेलेली. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यावर पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले फारसी लेख आहेत. दख्खनमधल्या अशा फारसी लेखांची पद्धत बहुधा उलटी असे: अक्षर तसेच ठेवायचे आणि त्याच्या भोवतालचा दगड काढून टाकायचा. या उठावाच्या कामात कितीतरी जास्त दगड काढावा लागतो आणि अक्षराची एक कड उडाली तर ती परत आणता येत नाही. खोदीव अक्षरावर ऊन तिरपे पडले की ते चांगले वाचता येते. उठावाचे अक्षर उंच कमानीवरून, खाली उभ्या माणसालाही दिसते. पद्धत कोणती घ्यायची हे लिपीवर आणि परंपरेवर ठरे. वाचणारा कुठे उभा राहणार, हाही विचार त्यात असणारच.

कोरीवकामाची तिसरी शाखा उलट्या अक्षरांची. शिक्क्यावर, नाण्याच्या साच्यावर आणि सोनाराच्या ठशावर अक्षर किंवा चित्र आरशातल्यासारखे कोरावे लागते, म्हणजे छाप सुलटा उमटतो. १७१० च्या सुमारास महाराणी ताराबाईंच्या राज्याची राजधानी पन्हाळ्यावर आली आणि १७८२ मध्ये ती कोल्हापूरला हलली. राजधानी म्हटली की दफ्तर आले, आणि दफ्तराबरोबर शिक्के व मोर्तब आले. कोल्हापूर राज्याचे रुपयेही पन्हाळ्यावर पाडले जात. ‘पन्हाळी’ आणि ‘शंभू पिरखानी’ ही त्यांची नावे नाणेसंग्राहकांना आजही ठाऊक आहेत. या नाण्यांचे तंत्र साधे होते. खालचा साचा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर चांदीचा तापवलेला तुकडा ठेवायचा, वरचा साचा हाताने धरून घणाचा घाव घालायचा. साचा तुकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे पूर्ण मजकूर कोणत्याच नाण्यावर उमटत नसे. एका रुपयावर नावाचा पहिला भाग येई, तर दुसऱ्यावर सालाचे आकडे. पोलादात उलटे कोरायचे आणि तेही घणाखाली टिकेल असे, हे या सगळ्यांतले अवघड काम. ते जमणारे हात थोडे असत.

टांकसाळ गेली तरी उलटे कोरण्याचे कसब मुलखातून गेले नाही. कोल्हापुरी साज त्याचा पुरावा आहे. साजातल्या पानांवर दशावतार आणि अष्टमंगल चिन्हे असतात. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर दाबून ती उठवतात आणि पोकळीत लाख भरतात. एवढ्याशा पानावर मत्स्य आणि कूर्म वेगळे ओळखू यायचे, तर ठसा कोरणाऱ्याचे काम तंतोतंत हवे. कोल्हापूरची गुजरी सोन्यासाठी आणि हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी नावाजली गेली. ठसा आणि छिन्नी ही दोन्ही हत्यारे या दोन पेठांनी विसाव्या शतकातही चालू ठेवली.

सामान्य घरात मात्र कोरीव अक्षर आले ते भांड्यांवरून. पूर्वी लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला दिलेल्या पितळी घागरीवर आणि तांब्यावर देणाऱ्याचे नाव असायचेच. एकाच गल्लीतल्या दहा घरांची भांडी एका कार्याला गोळा होत, तेव्हा परत नेताना कोणाचे कोणते हे त्या नावावरूनच कळे. त्यामुळे नाव ही हौस कमी आणि गरज जास्त होती. भांड्याच्या दुकानाबाहेर मांडी घालून बसलेला कारागीर छोटी हातोडी आणि बारीक छिन्नी घेऊन ‘सप्रेम भेट’ आणि खाली नाव उठवी. त्याचे अक्षर सलग रेघेचे नसे. छिन्नीच्या एकेका टोल्याने ते बने, म्हणून वळणदार ‘श्र’ किंवा ‘ळ’ यावरून त्याचा हात ओळखता येई. स्टेनलेस स्टील आले तसे हातछिन्नीचे काम जड झाले. मग थरथरत्या सुईचे विजेवरचे यंत्र आले. ते ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घाली. काम झटपट होऊ लागले आणि अक्षर बिघडले.

त्याच काळात कोल्हापूरच्या उद्यमनगरात, नंतर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, ओतकामाचे आणि यंत्रभागांचे कारखाने वाढले. तिथे अक्षराला शोभा नको होती. सुट्या भागावर क्रमांक, माप आणि बनवणाऱ्याची खूण हवी होती. आकड्यांचे पोलादी पंच, आणि पाटीसाठी पॅन्टोग्राफ, ही तिथली हत्यारे. पॅन्टोग्राफमध्ये मोठ्या नमुना-अक्षराच्या खाचेतून टोक फिरवायचे, की जोडलेल्या भुजेमुळे तेच अक्षर लहान होऊन फिरत्या कटरखाली कोरले जाते. मात्र त्यासाठी प्रत्येक जोडाक्षराचा नमुना हाताशी असावा लागे. देवनागरीपुरते हे यंत्र अपुरे पडण्याचे ते मोठे कारण होते.

लेसरने ही अडचण दूर केली. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन याने १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून चालवला. धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झाला. तो बनवणारे चंद्रकुमार पटेल १९३८ मध्ये बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवीधर झाले. आज गावोगावच्या दुकानांत लाकडावर आणि ॲक्रिलिकवर नावे कोरणारी यंत्रे त्यांच्याच शोधावर चालतात. ही गोष्ट महाराष्ट्रात अधिक लोकांना माहीत असायला हवी.

यंत्र निवडताना वॅटच्या आधी तरंगलांबी पाहावी. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण १०.६ मायक्रॉनचा असतो. लाकूड, कातडे, कागद, रबर, ॲक्रिलिक आणि काच तो शोषून घेतात. उघडा धातू तो बहुतेक परतवतो. फायबर लेसरचा किरण याच्या दहाव्या हिश्श्याचा, साधारण १.०६ मायक्रॉनचा. तो पोलाद, चांदी, सोने, पितळ यांवर उमटतो. स्वच्छ ॲक्रिलिकमधून मात्र खूण न करता आरपार जातो. निळ्या प्रकाशाचा डायोड लेसर स्वस्त आणि आटोपशीर असतो. हौसेच्या लाकूडकामाला तो पुरतो, दिवसभराच्या धंद्याला कमी पडतो. ‘सगळ्यावर चालते’ असे सांगून विकलेले एकच मशीन घेणाऱ्याला निम्मी गिऱ्हाइके परत पाठवावी लागतात.

या भागातला धंदा धातूचा असेल तर फायबर घ्यावा. दागिन्यांच्या हॉलमार्कनेही त्याची गरज वाढवली आहे. २०२१ पासून सोन्याच्या प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक देणे सुरू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे सोने विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला एवढा बारीक मजकूर छिन्नीने घालणे शक्यच नाही. हॉलमार्कची अधिकृत खूण मान्यताप्राप्त केंद्रच करते. छोट्या दुकानाकडे येते ते नाव, तारीख आणि नक्षी घालण्याचे काम. स्टीलवर वीस वॅटचा फायबर चांगला चालतो. तांबे आणि चांदी हा किरण बराच परतवतात, म्हणून खोल कोरायचे तर तीस किंवा पन्नास वॅट लागतात आणि परतलेल्या किरणापासून स्रोताला संरक्षण आहे ना, हे विचारून घ्यावे लागते. ज्या धातूवर शिलाहारांच्या कारागिराची छिन्नी सहज चालत होती, तोच आज लेसरला सर्वांत हट्टी वाटतो. या मशीनमध्ये हलते आरसे किरण फिरवतात, म्हणून वेग प्रचंड असतो, पण साध्या भिंगाखाली कामाची जागा साधारण ११० मिलिमीटर चौरस एवढीच असते. घागरीचे नाव त्यात बसते, दारावरची पाटी बसत नाही.

धंदा पाट्या, स्मृतिचिन्हे, रबरी शिक्के आणि चपलांचा असेल तर कार्बन डायऑक्साइड लेसर हवा. रबरी शिक्क्यासाठी लागणारे उलटे अक्षर संगणक एका कळीवर करून देतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे कातडे बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतिज पदार्थांनी कमावलेले असते, ही गोष्ट लेसरच्या पथ्यावर पडते. असे कातडे जळून तपकिरी रेघ स्वच्छ उमटते. क्रोमने कमावलेले कातडे जाळले तर विषारी क्रोमियमचा धूर निघण्याचा धोका असतो. रेक्झिन तर मशीनखाली कधीच घालू नये. त्यातल्या पीव्हीसीमधून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू कारागिराच्या छातीला अपाय करतो आणि मशीनचे लोखंडही गंजवतो. धूर बाहेर काढणारा पंखा आणि नळी हा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा. डोळ्यांच्या संरक्षणातही फरक आहे: ॲक्रिलिकचे झाकण कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण अडवते, पण फायबरचा अडवत नाही. तिथे त्याच तरंगलांबीचा चष्मा लागतो.

काळ्या ग्रॅनाइटवर लेसर चालतो, मात्र तो दगडाचा पृष्ठभाग पांढुरका करतो, खोल जात नाही. घरातल्या तसबिरीला ते पुरते. उघड्यावरच्या कोनशिलेसाठी खोल कोरून रंग भरणेच खात्रीचे.

मराठी कामात फॉन्टची अडचण हमखास येते. बऱ्याच जुन्या पत्रिका आणि नमुने श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की वेलांटी एकीकडे आणि रफार दुसरीकडे जातो. कोरण्याआधी सगळी अक्षरे रेषाकृतीत बदलून घेतली की हे टळते. मराठी न येणाऱ्या माणसाच्या हाती काम असेल तर छापील कागदावर गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय कळ दाबू नये. स्टीलवर चुकलेले अक्षर ठोकून सपाट करता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. राजमुद्रेची लाकडी पाटी, किल्लीला अडकवायची खूण, तीन दरवाज्याचे चित्र कोरलेला फळीचा तुकडा अशा वस्तूंना गडावर गिऱ्हाईक मिळते. त्या कार्बन डायऑक्साइड लेसरवर होतात आणि साठ-ऐंशी वॅटची नळी त्यांना भरपूर होते. नळी काचेची असते, काही हजार तासांत उतरते आणि बदलावी लागते. फायबरच्या स्रोताला उत्पादक एक लाख तासांचे आयुष्य सांगतात. दोन्हींच्या किमतीची तुलना करताना हा नळीचा खर्च विसरला जातो.

गडावर मशीन बसवायचे तर पावसाळ्याचा विचार आधी करावा. पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे आणि जून ते सप्टेंबर तो धुक्यात असतो. नळी थंड ठेवणारे पाणी भोवतालच्या हवेपेक्षा फार गार असले की नळीवर आणि भिंगावर दव धरते. भिंग काळे पडते, उच्च दाबाच्या टोकाशी ठिणगी उडते. म्हणून त्या दिवसांत पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाच्या जवळ ठेवतात आणि भिंग रोज पुसतात. पाटीचे लाकूडही ओल धरते, मग रेघ कुठे गडद तर कुठे फिकी उमटते. फळ्या बंद पिशवीत ठेवणे हा त्यावरचा उपाय. गडावर फक्त विक्री ठेवून कोरायचे काम खाली कोल्हापुरात करणे पावसाळ्यात अधिक सोयीचे पडते.